बाबांचं घर हलवताना कुत्र्यांची सोय

घर हलवायचं म्हटलं की लोक आधी ट्रकची चौकशी करतात. मी आधी कुत्र्यांची केली. यात प्रेमापेक्षा हिशेब जास्त होता. बाबांकडे जायचं म्हणजे दिवसभर गाडी चालवायची, पोचल्यावर अख्ख्या आयुष्याचा संसार आवरायचा, आणि तो आवरताना बाबांना घाई करायची नाही. कुत्र्यांना कुणाच्या तरी उपकारावर सोडून गेले असते, तर दुसऱ्या दिवसापासूनच माझं लक्ष घड्याळाकडे लागलं असतं आणि ती घाई बाबांच्या कपाटांवर निघाली असती.

बाबा आता ऐंशीला टेकलेत. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, गुडघे कुरकुरतात. दादाच्या घराजवळ तळमजल्यावर एक लहान फ्लॅट मिळाला. व्यवहार, कागदपत्रं, ट्रक, हमाल हे सगळं दादानं अंगावर घेतलं. माझ्या वाट्याला आवराआवर आली, कारण दादा आणि बाबा एका खोलीत सामान काढायला बसले की तासाभरात दोघांचंही बोलणं बंद होतं. पूर्वी आई मध्ये पडायची.

माझ्याकडे दोन कुत्री. भुऱ्या म्हातारा, त्याचे मागचे पाय आखडतात, सकाळ-संध्याकाळ सांध्यांची गोळी चालू. चिंगी तरुण, अंगात वारं भरलेली, आणि एकटी सोडली की दार ओरबाडणारी. त्यांना सोबत न्यावं का, हा विचार करून झाला होता. पण सामान निघायच्या दिवशी दार सतत उघडं असतं, अनोळखी माणसं जड वस्तू घेऊन ये-जा करतात, आणि त्या गोंधळात बिथरलेलं कुत्रं कुणाच्या पायांतून सटकलं तर परक्या गावात त्याला शोधायचं कुठे? शिवाय गाडीत मी एकटी. वाटेत बाथरूमला उतरायचं म्हटलं तरी कुत्री बंद गाडीत राहणार. उन्हात उभ्या गाडीतलं तापमान दहा मिनिटांत दहाएक अंशांनी चढतं, आणि काच चार बोटं खाली ठेवल्यानं त्यात फारसा फरक पडत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. ते धापा टाकून स्वतःला थंड करतं, आणि भोवतीची हवाच तापली की धापांचाही उपयोग होत नाही. तेव्हा सोबत नेणं बाद.

दुसरा पर्याय कुत्री ठेवून घेणाऱ्या ठिकाणाचा. चिंगी तिथे रमलीही असती. भुऱ्याचं मात्र अवघड होतं. घरात त्याला कुठल्या कोपऱ्यात गुळगुळीत फरशी आहे आणि कुठे सतरंजी आहे हे पाठ झालंय, त्याच अंदाजानं तो चालतो. म्हणून माझ्या मैत्रिणीला आमच्या घरी राहायला बोलावलं. ती घरून काम करते, आणि कुत्र्यांशी लाडे लाडे बोलत नाही. मला हा दुसरा गुण जास्त महत्त्वाचा वाटला.

तिला एकदम किल्ली हातात देऊन निघाले नाही. आधी ती मी घरात असताना येत राहिली, मग आम्ही दोघी मिळून कुत्र्यांना फिरवायला लागलो, मग मी मधेच ‘आलेच’ म्हणून खाली जायला लागले, आणि शेवटी ती रात्रीची राहून गेली. एकटं राहण्याची भीती असलेल्या कुत्र्याचा दंगा बहुधा माणूस गेल्यावर पहिल्या अर्ध्या तासातच सुरू होतो: दाराशी येरझारा, लाळ, ओरडणं, कडीजवळ ओरबाडणं. तेवढा अर्धा तास कुणीतरी ओळखीचं घरात असलं आणि दारामागच्या नाट्यात चिंगीला कुणी भाव दिला नाही, तर ती पंख्याखाली जाऊन पडते, हे आम्हाला कळून चुकलं. बॅगेचंही तसंच. बॅग काढली की तिला धाप लागते. म्हणून बॅग आधीपासूनच हॉलमध्ये उघडी टाकून ठेवली, आणि अधूनमधून गाडीची किल्ली उचलून मी परत सोफ्यावर बसायचे. शेजारच्या काकूंनी हे एकदा पाहिलं आणि माझी काळजी वाटून प्रकृतीची चौकशी केली.

फ्रिजवर एक कागद लावला. दोघांचं वजन किलोत, जेवण ग्रॅममध्ये (वाटी म्हटलं की प्रत्येकाची वाटी वेगळी), गोळीची वेळ, नेहमीच्या डॉक्टरांचा नंबर, रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा नंबर, आणि ‘माझा फोन लागला नाही तरी उपचार सुरू करावेत, खर्च मी देईन’ अशी सहीची दोन ओळींची चिठ्ठी. वजन एवढ्यासाठी की कुत्र्यानं नको ते खाल्लं तर डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात. नको त्या वस्तूंची यादीही होती: चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण, साखरेऐवजी झायलिटॉल घातलेलं च्युइंग गम. आणि सगळ्यात खाली, लाल शाईत: भुऱ्या कितीही लंगडला तरी आपली वेदनाशामक गोळी त्याला द्यायची नाही. पॅरासिटामॉल काय, आयब्युप्रोफेन काय, आपल्याला सहज पचणाऱ्या गोळ्या कुत्र्याचं यकृत, पोट, मूत्रपिंड बिघडवतात. चांगल्या मनाची माणसंच नेमकी ही गोष्ट करतात, म्हणून लाल शाई. फिरताना पट्टा सोडायचा नाही, चिंगी कितीही शहाण्यासारखी वागली तरी, हेही लिहिलं. पाळणारा माणूस जवळ नसताना हाकेला येणाऱ्या कुत्र्याचाही भरवसा धरू नये.

निघताना निरोप घेतला नाही. आदल्या दिवशी वापरलेला न धुतलेला टी-शर्ट चिंगीच्या अंथरुणावर टाकला, मैत्रिणीनं दोघांना फिरायला नेलं, आणि ते परत यायच्या आत मी निघाले होते.

प्रवासाबद्दल माझी मतं ठाम आहेत. ‘रात्री रस्ता मोकळा असतो’ हे वाक्य मी घरात चालू देत नाही. शरीराला झोप हवीच असते ती मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत, आणि दुसऱ्यांदा दुपारी दोन ते चारच्या सुमारास. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाच्या हालचाली आणि निर्णय रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्याइतके मंदावतात, हे संशोधनात दिसलेलं आहे. दिवसभर ऑफिस करून रात्री स्टिअरिंग धरणारे आपण सगळे त्याच हिशेबात बसतो. ताशी ८० किलोमीटरच्या वेगात गाडी सेकंदाला साधारण २२ मीटर पुढे जाते. चार सेकंद डोळा लागला तर जवळजवळ ९० मीटर गाडी कुणीच चालवत नसतं. म्हणून आदल्या रात्री लवकर झोपले आणि उजाडताना निघाले. टायरमधली हवा गाडी थंड असतानाच बघून घेतली होती, स्टेपनीचीसुद्धा. स्टेपनीतली हवा शेवटची कधी तपासली हे बहुतेकांना आठवत नाही.

दर दोन तासांनी थांबायचं ठरवलं होतं आणि थांबले. दुपारी एका टप्प्यावर मागचे दोन-तीन किलोमीटर कसे गेले ते आठवेना. ही खूण मला माहीत आहे. खिडकी उघडून, गाणी मोठ्यानं लावून झोप जात नाही, फक्त आपण जागे आहोत असं वाटत राहतं. सुरक्षित, वर्दळीची जागा बघून गाडी लावली, कॉफी घेतली आणि वीस मिनिटांचा गजर लावून सीट मागे टाकली. कॉफीचा अंमल चढायला अर्धा तास लागतो, तोवर झोप होते, आणि उठताना दोन्हींचा फायदा एकदम मिळतो. बाबांचा फोन आला तेव्हा मी झोपेतच होते. “कुठपर्यंत आलीस?” “झोपलेय.” “झोप मग,” म्हणाले आणि ठेवून दिला. दादानं हेच ऐकून अर्धा तास बौद्धिक घेतलं असतं.

पोचले तर बाबांनी काहीच बांधलेलं नव्हतं. पण टेबलावर आलेखाचा कागद पसरलेला होता. नव्या फ्लॅटची मापं दादाकडून फोनवर घेऊन त्यांनी नकाशा काढला होता: दारं कुठल्या बाजूला उघडतात, खिडकीची उंची, विजेची बटणं, सगळं. जुन्या घरातल्या प्रत्येक मोठ्या वस्तूचा त्याच प्रमाणात पुठ्ठा कापून त्यावर नाव लिहिलं होतं. बाबा आयुष्यभर टेलिफोन खात्यात तारा जोडत होते. प्रत्येक तारेला खूण पाहिजे, हा त्यांचा स्वभावच झालाय. पुठ्ठे नकाशावर सरकवून बघताना दोन कपाटं आणि आईचा लाकडी दिवाण कुठेच बसेना. बाबांनी दिवाणाचा पुठ्ठा आडवा लावला, उभा लावला, बाथरूमच्या दारासमोर लावून बघितला. मग कागदाबाहेर ठेवला.

मी काही बोलले नाही. बोलायची गरजच नव्हती, आणि या सगळ्या प्रकारात मला सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट हीच. ‘बाबा, हे नको आता’ असं मुलीनं म्हटलं की वाद होतो. कागदावर जागा नसली तर वाद कुणाशी घालणार? पुढचे सगळे दिवस आम्ही तेच सूत्र धरलं. ‘हे हवंय का?’ असं मी विचारलंच नाही, कारण त्याचं उत्तर नेहमी हो असतं. ‘हे तिकडे कुठे ठेवायचं?’ असं विचारायचे. जागा सांगता आली तर वस्तू निघाली, नाही तर ती बाल्कनीत. बाल्कनीतल्या ढिगाला बाबा रोज संध्याकाळी एकदा भेट द्यायचे आणि एखादी वस्तू परत उचलून आणायचे. तेवढी सूट ठेवलीच पाहिजे.

सुरुवात माळ्यापासून केली. तिथे फुटक्या बादल्या आणि रिकामी खोकी असतात, कुणाच्या आठवणी नसतात, आणि हाताला फेकायची सवय लागते. फोटो आणि पत्रं सगळ्यात शेवटी, तेही निवडायची नाहीत, जशीच्या तशी बांधायची असं ठरवून टाकलं. एक अल्बम उघडला की दुपार गेली. बाबांचा स्क्रू, वॉशर आणि तारांच्या तुकड्यांचा खण मात्र त्यांनी एकट्यानं लावला. मी मदतीला हात पुढे केला तर म्हणाले, “तू राहू दे. तुला आटे कळत नाहीत.” खरं आहे.

खोकी भरण्यावरून एकदा खटका उडाला. मी मार्कर घेऊन ‘स्वयंपाकघर’ असं लिहायला लागले. “दहा खोक्यांवर तेच लिहिणार. मग चहाची गाळणी कुठल्यात?” त्यांची पद्धत अशी: खोक्यावर फक्त आकडा, तोही वरच्या झाकणावर न लिहिता शेजारच्या दोन बाजूंवर, कारण खोकी एकावर एक रचली की झाकण दिसत नाही. वहीत त्या आकड्यासमोर आत काय आहे, जुन्या घरात ते कुठल्या फळीवर होतं आणि नव्या घरात कुठे जाणार. दुसऱ्या दिवसापासून मी निमूट आकडे लिहायला लागले. माझ्याकडूनही एक-दोन गोष्टी त्यांनी मान्य केल्या. पुस्तकं लहान खोक्यांत, कारण मोठं खोकं पुस्तकांनी भरलं की हमालही उचलताना देवाचं नाव घेतो. ताटल्या आडव्या एकावर एक न ठेवता उभ्या, मध्ये कागद घालून. धक्का बसला तर अशा कमी फुटतात. फ्रिज आदल्या दिवशी रिकामा करून, बर्फ वितळवून, पुसून, आणि ट्रकमध्ये उभाच. आडवा करावाच लागला तर कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत उतरतं, मग नव्या जागी कित्येक तास उभा राहू दिल्याशिवाय चालू करता येत नाही. समोरून दार उघडणाऱ्या वॉशिंग मशिनचा ड्रम जागच्या जागी धरून ठेवणारे बोल्ट बाबांनी मशीन घेतलं तेव्हापासून पिशवीत जपून ठेवले होते. ते काढताना त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो दादानं बघायला हवा होता.

ट्रकमध्ये न जाणाऱ्या वस्तूंची एक पेटी मी माझ्या गाडीत घेतली: औषधं, औषधांच्या मूळ नावांची आणि मात्रेची यादी, चष्मे, श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या, पेन्शन आणि बँकेची कागदपत्रं, चार्जर, एक रात्र निघेल एवढे कपडे आणि अंथरूण. ट्रक उशिरा आला तरी माणसाला त्या रात्री झोपता आणि ऐकता आलं पाहिजे. टीव्हीच्या मागच्या जोडण्यांचे फोटो बाबांनी स्वतः काढले, वीज मीटरच्या आकड्याचाही काढला.

या सगळ्यात घरून रोज बातम्या यायच्या. चिंगीनं पहिल्या रात्री येरझारा घातल्या आणि मग मैत्रिणीच्या पायांवर पडून झोपली. मी व्हिडिओ कॉल केला तर तिनं फोनच्या मागे जाऊन मला शोधलं, मग दाराशी जाऊन बसली. तो प्रयोग तिथेच थांबवला. असा कॉल आपल्या समाधानासाठी असतो, कुत्र्याला त्याचा फक्त घोळ होतो. खरी काळजी भुऱ्यानं लावली. एका सकाळी त्यानं जेवण सोडलं. मैत्रिणीला विचारलं: पाणी पितोय का, उलटी आहे का, शी कशी आहे, हिरड्या गुलाबी आहेत की पांढुरक्या? पाणी पीत होता, बाकी काही नव्हतं. धडधाकट कुत्र्यानं एखादं जेवण टाळलं तर लगेच धावायची गरज नसते, पण म्हाताऱ्या आणि औषधावर असलेल्या कुत्र्याला तो नियम लावू नये. तिनं डॉक्टरांना फोन केला. त्यांनी गोळी रिकाम्या पोटी देऊ नका आणि संध्याकाळपर्यंत बघा, असं सांगितलं. संध्याकाळी ती ताटलीजवळ जमिनीवर बसून लॅपटॉपवर काम करत राहिली आणि भुऱ्यानं ताटली साफ केली. “याला फक्त कंपनी हवी होती,” तिचा निरोप आला. बाबांना वाचून दाखवला. ते म्हणाले, “पाय दुखत असतील. खाली वाकायला लागतं ना.” मैत्रिणीनं ताटली उंच स्टुलावर ठेवून बघितली. दुसऱ्या दिवशी तो एकटाच जेवला.

सामान हलवायचा दिवस स्वतः फार मोठा नव्हता. ट्रक आला, भरला, गेला. दिवाण घ्यायला आलेल्या माणसांना बाबांनी त्याच्या कुठल्या पायाला पाचर मारलीये ते दाखवलं, आणि आत जाऊन वही बघत बसले.

नव्या घरात पहिल्यांदा पलंग लावला, बाकी काहीही नंतर. बाबा डावीकडून उतरतात, म्हणून पलंगाची डावी बाजू मोकळी आणि दिव्याचं बटण त्या हाताला. ६५ वर्षांवरच्या माणसांपैकी साधारण तीन-चारांत एक जण वर्षातून एकदा तरी पडतो, आणि नव्या घरात रात्री उठल्यावर पाय जुन्याच घराच्या अंदाजानं पडतात. म्हणून पलंग ते बाथरूम या वाटेवर एकही सतरंजी किंवा वायर नाही, भिंतीत खाली मंद दिवा, बाथरूममध्ये कमोडशेजारी भिंतीत पक्का बसवलेला दांडा. टॉवेलचा दांडा धरून उठू नका, तो माणसाचं वजन पेलत नाही, हे तीनदा सांगितलं. स्वयंपाकघराच्या फळ्या जुन्या क्रमानंच लावल्या. तिथे जागा वाया जाते, दादाला ते दिसतं आणि तो बोलतोही. पण बाबा दिवा न लावता गाळणी काढू शकतात.

सगळी खोकी उघडली नाहीत. रोज लागेल तेवढंच. बाकीची भिंतीला लावून ठेवली, आकडे बाहेर. दादाचं म्हणणं, महिनाभरात उघडलं नाही ते खोकं गरजेचं नाही, काढून टाका. बाबांचं म्हणणं, वहीत नोंद आहे म्हणजे ते सापडतं, आणि सापडणाऱ्या वस्तूला अडगळ म्हणत नाहीत. मी दोघांच्या मध्ये बसले होते. तेवढ्यात वहिनीनं विचारलं, वहीतली सगळी पानं वाचलीत का कुणी? त्यावर दोघंही गप्प.

निघताना आईची ट्रंक माझ्याकडे आली. ट्रंकेच्या तळाशी डांबर गोळ्या होत्या, वर्षानुवर्षांच्या. त्या नॅफ्थलिनच्या असतात आणि कुत्र्याच्या पोटात एक जरी गेली तरी रक्ताला आणि यकृताला धोका. त्यामुळे बाबांकडेच ट्रंक रिकामी केली, गोळ्या काढून टाकल्या, आतले कपडे उन्हात घातले, ट्रंक धुऊन घेतली. तरीही वास राहिलाच, म्हणून घरी आणल्यावर ती कुत्री पोचणार नाहीत अशा बंद खोलीत, खिडकी उघडी ठेवून, ठेवली आहे.

घरी आल्यावर चिंगी काही दिवस माझ्या मागे बाथरूमच्या दारापर्यंत येत होती. मुद्दाम लक्ष दिलं नाही. फिरायची वेळ, जेवायची वेळ, पुन्हा थोड्या वेळासाठी एकटं सोडणं, हे पहिल्या दिवसापासून सुरू केलं आणि ते आपोआप निवळलं. भुऱ्याचं स्टूल मात्र आता कायमचं आहे. फ्रिजवरच्या कागदावर मैत्रिणीनं हिरव्या शाईनं भर घातलीये: ‘भुऱ्या पहाटे पाचला उठवतो. हे कुठेही लिहिलेलं नाही. चिंगी रिमोट खाते. हेही नाही.’ कागद काढलेला नाही. जुन्या घराचा ताबा द्यायला बाबांना घेऊन पुन्हा जायचंय, आणि मैत्रीण यायला तयार आहे, फक्त रिमोट वर ठेवून जा म्हणते.